आपल्याच गाडीचा भाव

१

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर देवाजी गजभियेंनी जो धंदा धरला, त्याला धंदा म्हणावं की नाही हा वादाचा मुद्दा होता. कारण त्यात ते कोणाकडून पैसा घेत नसत. सक्करदऱ्यात कोणी जुनी गाडी घ्यायला किंवा विकायला निघालं की आधी त्यांच्या अंगणात यायचं. देवाजी गाडी पाहत आणि भाव सांगत. तो भाव घेणाराही मानायचा आणि विकणाराही.

त्यांची एक रीत होती. गाडी आली की काचा चढवून, दारं लावून ती तासभर उन्हात उभी करायची. तोवर मालकाने चहा घ्यायचा. मग देवाजी दार किंचित उघडत, डोळे मिटून डोकं आत घालत आणि तसेच उभे राहत. "देवाजीभाऊ गाडीची नाडी पाहून राहिले," म्हणून लोक हसत.

एप्रिलच्या त्या रविवारी श्रीधर देशकर नावाचे एक कारकून पसंत पडलेली गाडी दाखवायला घेऊन आले होते. देवाजींची नाडी-परीक्षा झाली, टायर पाहून झाले, आणि मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"सांग इंजिनियर, का पाह्यलं?"

"मीटर तीस हजार सांगते काका," पिंकी म्हणाली. "पण ब्रेकच्या पायट्याचं रबर पार गुळगुळीत झालं. तीस हजारात एवढं नाई घासत. मीटर मागं फिरवलं कोणीतरी."

"अन् भाव?"

"मागितला त्याच्यापेक्षा सव्वा लाख कमी."

"मी दीड म्हणलं असतं. तुह्या मनात दया हाय." देवाजी खदखदून हसले.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी भेंडी चिरत मेघा हे सगळं पाहत होती. मेघा त्यांची मुलगी. कॉलेजात इतिहास शिकवायची, रविवारी आईवडिलांकडे यायची. पिंकी शेजारच्या मनकर्णाबाईंची. दहाव्या वर्षापासून ती देवाजींच्या मागे मागे गाड्यांखाली वाकत आली होती, आणि मेघा दहाव्या वर्षापासून खिडकीतून पाहत. म्हणजे मेघाच्या नव्हे, पिंकीच्या दहाव्या वर्षापासून. मेघा तेव्हा बी.ए.ला होती, हेवा करण्याचं वय नव्हतं ते. तरी तो वाटला आणि मग गेलाच नाही. बाबा तिच्या पदव्या पाहुण्यांना सांगत. पण असं हसत ते अंगणातच.

देशकर आभार मानून गेले, तेव्हा तिचं लक्ष गेलं. घरची पांढरी गाडी, जी बाबा कधी निंबाच्या सावलीतून हलू देत नसत, ती भर उन्हात उभी होती. काचा बंद.

"बाबा, आपली गाडी उन्हात का ठेवलीत? रंग जाईल ना!"

"राहू दे वं बाई. व्हते तर व्हते."

जेवायच्या आधी ते न्हाणीघरात बराच वेळ हात धूत राहिले. जेवताना बोलले नाहीत. मेघाला वाटलं, ऊन लागलं. ती चारला निघाली. नेहमी फाटकापर्यंत येणारे बाबा त्या दिवशी पायरीवरच बसून राहिले, आणि तिला घाई होती.

सोमवारी सकाळी देवाजींनी दाराची कडी काढली आणि ते तिथेच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

२

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींचं वंदन-प्रवचन झालं, जेवणं झाली, खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. एक लांबची म्हातारी पिंकीला छातीशी धरून म्हणाली, "बाप गेला वं तुहा." पिंकी हमसून रडली. शेजारी पाण्याच्या पेल्यांचं ताट घेऊन मेघा उभी होती. त्या म्हातारीने तिच्याकडे पाहून एक पेला उचलला.

लोक पांगल्यावर पिंकी पुन्हा आली. हातात एक घडी केलेला कागद होता.

"ताई, दादा, आज सांगायला नको होतं. पण काकांची गाडी मी घेतली. रविवारी संध्याकाळी सौदा झाला. पैसे काकूंपाशी दिले. आता काका नाहीत म्हणून नावावर करायले तुमच्या तिघांच्या सह्या पाह्यजेत."

अश्विनने, मेघाच्या धाकट्या भावाने, कागद ओढून घेतला. सही बाबांचीच होती. रक्कम वाचून त्याचा आवाज चढला.

"दोन लाख? पिंकी, शुद्धीत आहेस का? तसल्या गाडीले बाजारात साडेचार लाख देऊन राहिले लोकं! अन् ही बाबांची गाडी. इंजिन घड्याळासारखं!"

"भाव काकांनी सांगतला," पिंकी म्हणाली. "मी एक रुपयाही कमी करा म्हणलं नाई."

"ज्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीत पाच हजाराची चूक केली नाही, त्याने आपल्याच गाडीत अडीच लाखाची केली?" हे मेघा बोलली, अगदी शांतपणे. "का, पिंकी?"

पिंकी मान खाली घालून उभी राहिली. बायकांना गाडी शिकवायचा क्लास काढायचा, म्हणून तिने बँकेतली नोकरी सोडली होती हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. या गाडीवरच तो क्लास उभा राहणार होता. सह्या मिळाल्या नाहीत तर गाडीही गेली आणि इभ्रतही. देवाजींनी शिकवलेल्या पोरीने देवाजींनाच फसवलं, असं एकदा झालं की तिच्याकडे कोण आपली बायको-मुलगी पाठवणार?

"मी पोलिसात जातो," अश्विन म्हणाला.

मेघाच्या मनात दुःखाच्या अगदी आत कुठेतरी बरं वाटलं. तिला ते कळलं, आणि तरीही बरं वाटतच राहिलं.

"कारण सांग," ती म्हणाली, "आणि मी सही करते."

पिंकीने डोळे वर केले. ते भरलेले होते, पण चोराचे नव्हते. आणि मेघाला त्याचाच जास्त राग आला.

"नका विचारू, ताई. मले सांगता येत नाई."

३

मेघाने आधी आईला विचारलं. कौसल्याबाई पलंगावर बाबांच्या बंड्या घडी करत बसल्या होत्या.

"मले व्यवहारातलं का समजते वं? रविवारी दुपारी मात्र वेड्यासारखं केलं त्यायनं. तू अन् पिंकी आत ताटं करून राहिल्या होत्या, तर हे त्या तापलेल्या गाडीत जाऊन बसले, काचा लावून. म्या आरडली, अहो, मराचं हाय का! तर म्हणे, बस कौसल्या, दोन मिनिटं. रुमाल तर असा मळवून आणला, अजून डाग नाई गेला."

"कसला डाग?"

"मातीचा. बदामी."

"गाडीत काही बिघाड होता का?"

"कायचा बिघाड! दिवाळीले अश्विनने आणून देल्ली तवा तर नवरीसारखी सजवून आणली होती. पावसाळ्यात त्याची गाडी गॅरेजात होती म्हणून आपली नेली होती ना? नवीन सीट कव्हर, खाली नवीन गालिचा, सुगंधाची बाटली. हे म्हणे, पोट्टं सुधरलं. त्या पावसात बिचाऱ्याचे हालही किती झाले! लिफ्ट बंद, सहा मजले चढून राहिला होता पंधरा दिवस. तरी बापाच्या गाडीची आठवण ठेवली."

संध्याकाळी मेघा मुकुंद बोरकरच्या गाडी बाजारात गेली. मुकुंद जुन्या गाड्यांचा दलाल. देवाजींच्या फुकटच्या सल्ल्यामुळे त्याचे निम्मे सौदे मोडलेले. पिंकीच्या मागे कोणी असेल तर हाच, असा मेघाचा अंदाज होता. पांढऱ्याशुभ्र गाड्यांच्या रांगेत तो खुर्ची टाकून बसला होता.

"जय भीम, ताई. बसा. देवाजीभाऊ गेले अन् मले वाटलं का आता धंदा होईन," मुकुंद म्हणाला. "पण खरं सांगू? गिऱ्हाईक आता विश्वासच ठेवत नाई. म्हणते, देवाजीभाऊंनी पाह्यली का?"

"आमची गाडी दोन लाखाला गेली."

मुकुंदचा चहा सांडला.

"मी जानेवारीत चार देत होतो! हसले माह्यावर. म्हणे, साडेचारच्या खाली बोलू नको, मुकुंदा."

"तुम्ही गाडी तपासली होती?"

"देवाजीची गाडी कोण तपासते? ज्याची त्याची गाडी तपासणारा माणूस तो." त्याने रुमालाने पँट पुसली. "पाहा ताई, दोनच गोष्टी. एक तर त्यायचं डोकं बिघडलं, नाई तर गाडी. अन् ते डोकं मी पंधरा वर्षं फिरवायचा प्रयत्न केला. फिरत नाई ते."

पिंकीचं नाव ऐकताच मुकुंदने कानाला हात लावला. "ते पोट्टी तर त्यायच्यापेक्षा खराब. दया करते, पण गिऱ्हाइकावर. माह्यावर नाई."

मेघा घरी आली तेव्हा अश्विन तक्रारीचा मसुदा मोठ्याने वाचत होता. 'विश्वासघात' हा शब्द त्याने तीनदा वापरला होता.

"चांगला आहे," मेघा म्हणाली. "पण पुरावा हवा. गाडी उत्तम आहे हे आपणच सिद्ध करायला नको का? उद्या एखाद्या चांगल्या मेकॅनिककडून पूर्ण उघडून तपासून घेऊ. सीट काढून, खालचा गालिचा काढून. लेखी अहवाल घेऊ."

अश्विनचा कागद धरलेला हात खाली आला.

"एवढं कशाले?" तो म्हणाला. "इंटरनेटवर भाव दिसतो ना सगळा."

"पण तपासणीत आपलाच फायदा आहे."

"अगं, जाऊ दे." त्याने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी. "बाबांनी मनाने दिली असेल. त्यांचा शब्द आहे. करून टाकू सह्या."

आतापर्यंत पोलीस पोलीस करणारा माणूस मेकॅनिकचं नाव निघताच बहिणीच्या डोळ्याला डोळा देईना.

४

मेघा कॉलेजात पहिल्याच तासाला मुलांना सांगायची: एखादी जुनी नोंद चमत्कारिक वाटली तर ती खोटी ठरवायची घाई करू नका. आधी ती खरी मानून पाहा. मग ती खरी असण्यासाठी आणखी काय काय खरं असावं लागेल, ते शोधा.

आपण सगळे एकच प्रश्न विचारत होतो, तिच्या लक्षात आलं: बाबांचा भाव चुकला कसा? कोणीच असं म्हणत नव्हतं की भाव चुकला नाही.

समजा, गाडी दोन लाखांचीच आहे. मग तिच्यात मोठा दोष हवा. आणि तो दिसणारा नको, कारण गाडी नवरीसारखी आहे. जानेवारीत बाबांना तो माहीत नव्हता, नाहीतर ते मुकुंदला हसले नसते. रविवारी संध्याकाळी माहीत होता. म्हणजे तो रविवारीच कळला. आणि रविवारी गाडी कुठे होती?

उन्हात. काचा बंद करून.

बाबा आपल्याच गाडीचा भाव काढत होते. अंगणात येणारी प्रत्येक गाडी त्यांनी उन्हात तापवली, पण घरची गाडी दिवाळीपासून पाच-सहा महिने निंबाच्या सावलीत ठेवली. परक्याची वस्तू तपासायची. लेकाने आणून दिलेली कोण तपासतो?

सकाळी उन्हं चढल्यावर ती मनकर्णाबाईंच्या घरी गेली. गाडी तिथेच ओसरीपुढे होती.

"पिंकी, हिला उन्हात घे. काचा बंद कर."

पिंकीचा चेहरा उतरला. "ताई, राहू द्या ना."

"तू मला काही सांगू नकोस. तुझा शब्द मोडू नकोस. मी फक्त पाहते."

दोघी पायरीवर बसल्या. मनकर्णाबाईंनी आंब्याचं पन्हं आणलं, दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पेले ठेवून निमूट आत गेल्या. बऱ्याच वेळाने मेघा उठली. तिने दार किंचित उघडलं, डोळे मिटले आणि डोकं आत घातलं.

आधी सुगंधाच्या बाटलीचा गोड, शिळा दर्प आला. मग त्याच्या खालून दुसरा. बंद पेटीत राहिलेल्या ओल्या चादरीचा. तळ्याच्या काठाचा.

ती आत बसली. बाबांचा रुमाल कशाने मळला असेल? हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही, आणि गाडी धुणाऱ्याच्याही लक्षात येणार नाही, अशी जागा कोणती? तिने सीटखाली बोटं घातली, स्वच्छ. पायाखालचा गालिचा उचलला, खालचा पत्रा पुसलेला. मग तिने सीटचा पट्टा धरला आणि ओढला. रोज ओढतो तेवढा नाही. ओढतच राहिली, पार शेवटापर्यंत, जो भाग कधी बाहेर येत नाही तिथपर्यंत. काळ्या पट्ट्यावर बदामी गाळाची आडवी रेघ होती, आणि तिच्यापुढचा सगळा पट्टा चिखलाने कडक झालेला.

"ही गाडी पाण्यात बुडाली होती," मेघा म्हणाली. "सप्टेंबरात, अर्ध्या शहरात पाणी शिरलं तेव्हा. अश्विनच्या इमारतीच्या तळघरात. लिफ्ट पंधरा दिवस उगाच बंद नव्हती. तळघर भरलं होतं. त्याने ती सुकवली, सजवली, आणि बापाला आणून दिली. बुडालेली गाडी आज चालते, उद्या कुठे बंद पडेल सांगता येत नाही. म्हणून दोन लाख."

पिंकी रडायला लागली होती.

"मी साडेचार द्याले तयार होती, ताई. कर्जही पाहून ठेवलं होतं. काका म्हणे, तुले माह्या गाडीचा भाव पाह्यजे ना, मग सगळ्यायची करतो तशीच हिची परीक्षा करतो. सौदा म्हणजे सौदा. अन् मग..." तिने ओढणीने नाक पुसलं. "मी म्हणली, काका, मले नका देऊ मग. तर म्हणे, दोष सांगून योग्य भावात देल्लेली गाडी खराब नसते. काय काय बदलायचं ते सगळं सांगतलं. अन् म्हणे, अश्विन घाबरला असन पोट्टा. मी सोमवारी त्याले विचारीन एकट्याले. तोवर कोणाले बोलू नको."

तो सोमवार आलाच नाही. आणि पिंकीचं 'तोवर' कधी संपलं नाही. चोर म्हणवून घेऊनही ती गप्प राहिली होती.

५

मेघाने तिथूनच अश्विनला फोन लावला. पट्टा ओढला, एवढंच सांगितलं.

"त्यांनी विश्वासाने दिली होती गं," तो म्हणाला. "मी वर आणून लावायला पाहिजे होती. आळस केला. सुकवणारा म्हणाला, कोणाला कळणार नाही. मला वाटलं, पुढे कधीतरी सांगू."

"आणि पिंकीला चोर ठरवताना?"

"तेव्हाच सुचलं. भाव ऐकला आणि घाबरलो, कोणी कारण शोधू नये म्हणून तिच्यावर ढकललं. बाबांना... कळलं होतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"कळलं होतं," मेघा म्हणाली. "आणि ते रागावले नव्हते. पोट्टा घाबरला असन, म्हणाले. तू संध्याकाळी येऊन सही कर. आणि पिंकीशी तू स्वतः बोल. मी तुझ्या वतीने काही बोलणार नाही."

फोन ठेवून तिने पिशवीतून पेन काढलं आणि गाडीच्या तापलेल्या टपावर कागद ठेवून आपली सही केली.

रहस्य सुटलं होतं, आणि सुटायला नको होती अशी एक गोष्ट त्यासोबत सुटी झाली होती. पिंकी गुन्हेगार असती तर किती बरं झालं असतं! मग एवढ्या वर्षांच्या हेव्याला मागून का होईना, एक कारण मिळालं असतं. आता तो नुसताच उरला. बाबांचं शेवटचं गुपितही या पोरीपाशीच होतं. लेकाचा दोष त्यांनी हिला सांगितला, घरात असलेल्या लेकीला नाही.

"पिंकी," तिने विचारलं, "त्यांनी तुलाच का शिकवलं?"

"मी मागं लागली होती," पिंकी म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं. "रोज फाटकात उभी राहू. काका, मले न्या, काका, मले दाखवा. हाकलून देत पहिले. मग कंटाळून म्हणे, ये बापा. ताई, तुम्हाले एक सांगू? ते प्रत्येक गाडीच्या टायमाले एकदा खिडकीकडे पाहत. मी म्हणलं एक दिवस, ताईले बोलावू का? तर म्हणे, नको. तिचं पुस्तकातलं काम, तिले तेलात हात घालायले काहून लावतं. तिले आवडत असतं तर आली असती."

पिंकीने रिकामे पेले उचलले आणि ती आत गेली.

ओसरीवर कोणी नव्हतं. मेघा गाडीत चालवणाऱ्याच्या जागी बसली आणि तिने दार ओढून घेतलं. आत भट्टी झाली होती. स्टिअरिंगच्या चाकाला हात लावला तर चटका बसला. तिने हात काढला नाही. शेजारची सीट रिकामी होती. बी.ए.ला असल्यापासून ती शुद्ध, पुस्तकी मराठी बोलत आली होती. या घरात, या गल्लीत, बापाशीसुद्धा.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मलेही यायचं होतं. मलेही न्या ना सोबत."